हातांना त्यांचं काम करू द्या

मी ऑटिस्टिक आहे. निदान चाळिशीनंतर झालं. तोवर शिक्षण, नोकरी, लग्न सगळं रीतसर पार पडलं होतं. पुण्यात एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात मी काम करते. व्हाउचरं, बँकेची जुळवणी, जीएसटीचे तक्ते यांत माझा दिवस जातो आणि ते काम मला मनापासून आवडतं.

चारचौघांत मी शांत बसलेली दिसते. खोलीचं दार लागलं की मी पुढे-मागे झुलते, अंगठ्याने कापडावरचे टाके चाचपते, स्टेशनांची नावं ओळीने पुटपुटते. खूप आनंद झाला तर दोन्ही हात मनगटापासून झटकते. एकच हालचाल, एकच आवाज किंवा एकच स्पर्श पुन्हा पुन्हा करून स्वतःला सावरायचं, याला स्टिमिंग म्हणतात. आमच्यापैकी बहुतेक जण ते या ना त्या रूपात करतात. मोठी माणसं ते लपून करतात.

स्वमग्नतेबद्दल, म्हणजे ऑटिझमबद्दल, आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं त्यात मुलं असतात, आईवडील असतात, थेरपी असते. ती मुलं मोठी होतात, नोकरीला लागतात, म्हातारी होतात आणि शरीराची ही गरज त्यांच्याबरोबर राहते. अशा मोठ्या झालेल्यांपैकी एक म्हणून मला जे कळलं ते इथे मांडते.

१. झुलणारं शरीर स्वतःला सावरत असतं

शाळेत पाच ज्ञानेंद्रियं शिकवतात. त्याखेरीज आतल्या कानातून तोलाची जाणीव येते, आणि स्नायू-सांध्यांतून आपला हात कुठे आहे, पाय कसा वळलाय हे कळत राहतं. भूक, तहान, छातीतली धडधड हेही आतून कळतं. आमच्यात ही जाणीव कधी फार तीव्र असते, कधी फार मंद. ट्यूबलाइटची गुणगुण मला समोरच्या माणसाच्या बोलण्याइतकी स्पष्ट ऐकू येते. कुर्त्याच्या मानेवरचं लेबल दिवसभर टोचतं. उलट भूक लागलेली मात्र हात थरथरायला लागेपर्यंत कळत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाच्या निकषांची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा संवेदनांची ही कमी-जास्त तीव्रता ऑटिझमच्या लक्षणांत घेतली गेली.

बाहेरून असा मारा चालू असताना शरीराला एखादी खात्रीची गोष्ट हवी असते. झुलताना पुढचा झोका कधी येणार हे मला आधीच माहीत असतं. तळहात एकमेकांवर दाबले की हात कुठे संपतात ते कळतं. त्या ठरलेल्या लयीत जीव स्थिर होतो.

परीक्षेच्या हॉलमध्ये पेनाचं टोपण चावणारे, फोनवर बोलताना कागदावर चौकोन गिरवत बसणारे, विचार करताना मिशीला पीळ देणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गरज सगळ्यांना असते. आम्हाला ती जास्त असते आणि रोज असते.

२. प्रत्येक हालचालीचं काम वेगळं असतं

निदानानंतर मी माझ्या हालचालींची रोजकीर्द ठेवली. हिशेबाच्या वहीसारखेच दोन रकाने पाडले. डावीकडे दिवसात काय घडलं, उजवीकडे शरीराने काय केलं. काही आठवड्यांत नोंदी जुळायला लागल्या.

गर्दीतून, ढोलताशांतून, लग्नाच्या हॉलमधून परतले की झुलायचं असतं. वाट बघावी लागली, म्हणजे दवाखान्यात नंबर यायचा असो की आरटीओत रांग असो, अंगठा टाके शोधतो. माझ्या आजीच्या गोधडीची एक पट्टी मी पर्समध्ये ठेवते. जुन्या नऊवारीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड आहे आणि त्यावर धावदोरा घातलेला आहे. दोऱ्याचा उंचवटा, मग कापडाचा खळगा, पुन्हा उंचवटा. आजीने डोळ्यांच्या अंदाजाने घातलेले टाके आहेत ते, त्यामुळे मध्येच एखादा लांब येतो. अंगठ्याला तो लांब टाका ओळखीचा झाला आहे, आणि तिथे पोचलं की श्वास आपोआप लांबतो.

घरात मिक्सर लागला की मी घशातून खालच्या पट्टीत ‘म्म्’ करते. तो आवाज छातीत जाणवतो, माझा असतो, कधी थांबणार ते मला माहीत असतं. त्यामुळे मिक्सरचा आवाज सोसतो. घाबरल्यावर स्टेशनं येतात: ठाणे, मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर. सुट्टीत मामाकडे जाताना पाठ झालेली ही यादी आहे. नाहूर नंतर आलं, माझ्या यादीत ते नाही. आणि हात झटकणं फक्त आनंदाचं.

स्टीव्हन कॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३२ ऑटिस्टिक प्रौढांना त्यांनी स्टिमिंगबद्दल विचारलं होतं. असह्य झालेल्या भावना आणि संवेदना आवरायला याचा उपयोग होतो, असं त्या माणसांनी सांगितलं. ते मोडून काढणाऱ्या उपचारांना त्यांचा विरोध होता. मी तो वाचला तेव्हा माझ्या वहीतल्या नोंदी दुसऱ्या देशातल्या माणसांनीही लिहून ठेवल्यासारखं वाटलं. तुम्ही ऑटिस्टिक असाल तर अशी वही जरूर ठेवा. कशाने काय होतं हे कळलं की आपल्या शरीराची भीती वाटेनाशी होते.

३. आपल्या घरांत पुष्कळ लयींना आधीपासून मान आहे

माझ्या सासूबाई चातुर्मासात वाती वळतात. एका वर्षी त्यांनी लाखवातींचा नेम धरला होता. दुपारी जेवणं आटोपली की त्या सरकी काढलेला कापूस घेऊन खिडकीशी बसत. बोटांना भस्म लावायचं, कापसाचा पुंजका ओढून लांब करायचा, तळहातावर फिरवायचा, वात बाजूला ठेवायची. मी शेजारी बसून ते बघत असे. पहिल्या काही वातींना त्यांचे खांदे वर चढलेले असत, मग हळूहळू खाली येत.

एकदा मी विचारलं, “अहो आई, कंटाळा नाही येत?”

“कंटाळा कसला गं? हात चालू असले की डोक्यातली कटकट थांबते. देवाचं होतं आणि माझंही होतं.”

“मलाही तसंच होतं, आई. मी झुलते ना खोलीत, तेव्हा.”

त्यांनी वात वळायची थांबवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, “मग दार कशाला लावून घेतेस?”

निदानाच्या कागदांनी घरात जे झालं नव्हतं ते त्या एका दुपारी झालं. जपमाळेचा मणी, माजघरातला झोपाळा, विदर्भातल्या घरांतली बंगई, जात्यावरची ओवी, भजनातल्या टाळ्या, तान्ह्याला मांडीवर घेऊन डुलणारी आई. या सगळ्यांत तीच हालचाल पुन्हा पुन्हा होते आणि तिने माणसाला बरं वाटतं, हे आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यामुळे घरी समजावून सांगायचं झालं तर इंग्रजी पुस्तकापासून सुरुवात करू नका. घरात जे चालतं तिथून सुरुवात करा. वडीलधाऱ्यांना ते लवकर पटतं.

४. ‘हात खाली’ म्हटल्याने मूल शांत होत नाही, गप्प होतं

“पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते.” हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या कुणाला सांगावं लागणार नाही. माझ्या वाट्याला ते फार आलं. शाळेत “हात बाकावर ठेव, वेड्यासारखं काय करतेस” आलं. सांगणारी माणसं दुष्ट नव्हती. चार लोकांत मुलगी वेगळी दिसू नये एवढीच त्यांची काळजी होती. मी काय शिकले? माझं शरीर ज्यामुळे सावरतं ती लाजेची गोष्ट आहे, हे शिकले.

जगात इतरत्र याहून कठोर प्रकार झाले. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इवार लोवास या मानसशास्त्रज्ञाने ऑटिस्टिक मुलांच्या अशा हालचाली थांबवण्यासाठी ओरडणं, चापट मारणं आणि विजेचे झटके यांचाही वापर केला. १९६५ साली ‘लाइफ’ मासिकाने त्याच्या कामावर छायाचित्रांसह लेख छापला होता. पुढे त्याच्या परंपरेतून निघालेल्या वर्तन-प्रशिक्षणातून झटके बहुतेक ठिकाणी गेले, तरी हालचाल बंद पाडायची हे ध्येय पुष्कळ काळ टिकलं. ज्यूलिया बॅस्कम या अमेरिकी ऑटिस्टिक लेखिकेने २०११ साली आपल्या लहानपणाबद्दल लिहिलं. हात शांत ठेव, या हुकमाखाली तिचे हात कसे दाबून धरले जात, त्याचं ते वर्णन आहे. पुढच्याच वर्षी तिच्या संपादनाखाली ऑटिस्टिक माणसांच्या लेखांचा संग्रह आला, त्याचं नाव ‘लाउड हँड्स’. आमच्यातल्या अनेकांना आपण एकटे नाही हे त्या लेखनातून कळलं.

आज एखाद्या केंद्रात मुलाला घेऊन जाणाऱ्या आईवडिलांना मी एकच सांगते. थेरपीच्या उद्दिष्टांची यादी मागून घ्या आणि वाचा. त्यात ‘हात हलवणं बंद करणं’ असं असेल तर विचारा, त्याने मुलाला काय त्रास होतोय? “विचित्र दिसतं” एवढंच उत्तर आलं, तर ते उद्दिष्ट काढून टाकायला सांगा.

५. दाबलेली हालचाल दुसरीकडून निघते

मोठेपणी सांगायला कुणी लागत नाही, आपणच आपल्याला दाबत राहतो. मी झुलणं थांबवलं तेव्हा गालाचा आतला भाग चावायला लागले. पाय हलवणं थांबवलं तेव्हा बुटात पायाची बोटं आवळायला लागले. बाहेरून काही दिसत नव्हतं. रात्री जबडा दुखत असे आणि तोंडात व्रण असत.

लग्नासारख्या दिवशी हे फार जाणवतं. सकाळपासून हसरा चेहरा, योग्य वेळी डोळ्यांत डोळे, बँड, अत्तरांचे वास, “ओळखलंस का मला?” असं विचारणारे नातेवाईक, आणि या सगळ्यात हात मांडीवर स्थिर. दुसऱ्या दिवशी मला बोलता येत नाही. ताप नसतो, तरी उठवत नाही. घरच्यांना वाटे, काल तर किती छान होतीस.

या लपवण्याला अभ्यासकांनी मास्किंग म्हटलं आहे, म्हणजे मुखवटा चढवणं. लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ९२ ऑटिस्टिक प्रौढांच्या अनुभवांवर अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांत सामावून घेतलं जावं, नाती जोडता यावीत म्हणून माणसं हे करतात आणि त्यापायी पार थकून जातात, असं त्यात पुढे आलं. मुखवटा कधीच घालू नये असं मी म्हणणार नाही. नोकरीच्या मुलाखतीत, पोलीस चौकीत, अनोळखी जागी तो सुरक्षिततेसाठी लागू शकतो. पण त्याची किंमत त्याच दिवशीच्या हिशेबात धरायला हवी. लग्नाला जायचं तर दुसरा दिवस मोकळा ठेवायचा, हे आमच्या घरात आता ठरलेलं आहे. कुणी त्याला आळस म्हणत नाही.

६. एकांत ही चैन नाही

दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं राहत असतील तर दार लावून घेण्याची जागा बाथरूमशिवाय नसते. मी कितीतरी वर्षं तिथेच सावरत आले. बादलीत नळाची धार सोडायची आणि तिच्याखाली हात धरायचा. पाण्याच्या आवाजाने आतलं बाहेर काही ऐकू जात नाही. “झालं का गं?” अशी हाक येईपर्यंतचा वेळ आपला.

आता आम्ही घरात बोलून वेळ ठरवला आहे. ऑफिसातून आल्यावर आधी मी खोलीत जाते. कुणी हाक मारत नाही, दिवा लावत नाही. माझा नवरा चहा करून बाहेर झाकून ठेवतो. बाहेर येते तेव्हा मी ऐकायला आणि बोलायला तयार असते. घर लहान असलं तरी वेळ ठरवता येतो, हे मला फार उशिरा कळलं. गच्ची, जिना, पहाटेचं स्वयंपाकघर, रात्री सगळे निजल्यावरची बाल्कनी, जे मिळेल ते घ्या. मात्र ते चोरून न घेता सांगून घ्या. चोरून घेतलेल्या एकांतात कान दाराकडे असतात.

सावरण्याची आपली सोय उघडपणे राखण्याबाबत टेम्पल ग्रँडिन यांची गोष्ट मला इथे महत्त्वाची वाटते. जन्म १९४७चा, ऑटिस्टिक, पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. ॲरिझोनात नात्यातल्या एका बाईंच्या गुरांच्या रँचवर त्यांनी पाहिलं की लस टोचताना गायींना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चौकटीत काही गायी निवांत होतात. त्यांनी स्वतःसाठी तशी चौकट बनवली. दोन फळ्यांमध्ये शिरायचं आणि दाब किती हवा ते स्वतःच ठरवायचं. माणसाची मिठी त्यांना सोसत नसे, हा दाब सोसत असे. सुरुवातीला आजूबाजूच्यांनी त्यावर नाकं मुरडली, ती काढून घ्यायचा प्रयत्नही झाला. त्या मागे हटल्या नाहीत. १९९२ साली अशा खोल दाबाने येणाऱ्या शांततेवर त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माझ्याकडे चौकट नाही. जाड सोलापुरी चादरी घडी करून मांड्यांवर घेते, त्यांचं वजन पुरतं.

७. इजा होत असेल तर हालचाल बदला, गरज नाकारू नका

सगळंच निरुपद्रवी असतं असं नाही. स्वतःला चावणं, डोकं आपटणं, त्वचा रक्त येईपर्यंत सोलणं यात इजा आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता कामा नये.

पहिल्यांदा बघायचं ते दुखणं. दात, कान, पोट, पाळी यांचा त्रास ज्याला शब्दांत सांगता येत नाही, त्याचा हात तिथे किंवा डोक्यावर आपटू शकतो. अचानक सुरू झालेलं असेल तर आधी डॉक्टर. मग बघायचं की ती हालचाल काय देत होती. चावण्यातून जबड्याला जोर मिळतो, तो चावण्यासाठी बनवलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यातूनही मिळू शकतो. काहींना गाजरासारखं कडक खाणं चालतं. त्वचेला तीव्र स्पर्श हवा असेल तर बर्फाचा खडा मुठीत धरता येतो, खरखरीत ब्रश फिरवता येतो. अंगात जोर साठला असेल तर भिंत दोन्ही हातांनी ढकलायची, पाण्याची भरलेली बादली उचलून न्यायची. ऑक्युपेशनल थेरपिस्ट यात खरी मदत करतात आणि माणसागणिक वेगळा मार्ग सुचवतात. मी गाल चावायची ते आता पुष्कळ कमी झालं आहे, कारण झुलण्याला मोकळीक मिळाली.

कुणाचा बांध फुटला असेल, रडणं-ओरडणं चालू असेल, तेव्हा हात पकडू नका, प्रश्न विचारू नका, गर्दी करू नका. डोकं आपटत असेल तर मध्ये उशी सरकवा. दिवा मंद करा, आवाज बंद करा, जवळ थांबा. ते नाटक नसतं आणि हट्टही नसतो. शरीराची सोसण्याची हद्द संपलेली असते.

८. ऑफिसात थोडं सांगितलं तरी पुष्कळ होतं

माझी पिढी वाढली तेव्हा आमच्यासाठी कायद्यात शब्दही नव्हता. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले आणि त्यांत स्वमग्नतेला जागा मिळाली. सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयी पुरवण्याचं बंधन त्या कायद्यात आहे, आणि खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण ठेवावं लागतं.

कायदा आपल्या बाजूला आहे हे माहीत असल्याने बोलायला धीर येतो. मी वरिष्ठांना निदान सांगितलं, पण भाषण दिलं नाही. तीन गोष्टी मागितल्या: भिंतीकडची जागा, आवाज कमी करणारे हेडफोन, आणि बैठकीत हातात काहीतरी धरण्याची मुभा. ऑडिटच्या दिवसांत मी गोधडीची पट्टी टेबलाखाली मांडीवर ठेवते, अंगठा चालू राहतो आणि आकड्यांवर लक्ष टिकतं. हात मोकळा असल्याने माझं काम बिघडत नाही, उलट हात थांबवला की आकडे निसटतात.

सगळ्यांना निदान सांगणं परवडत नाही, हेही खरं. नोकरी कच्ची असेल, मालक लहरी असेल तर सांगू नका. अशा वेळी चारचौघांत खपून जाणारं काहीतरी जवळ ठेवा: अंगठी फिरवा, रबर बँड ताणा, रुद्राक्षाचं कडं घाला, विणकाम येत असेल तर प्रवासात विणा. दर तासाला जिन्याने एक मजला उतरून चढून या. हा तात्पुरता मार्ग आहे आणि तो वापरण्यात काही कमीपणा नाही.

९. जवळच्यांनी ‘थांब’ऐवजी ‘काय हवंय?’ म्हणावं

माझ्या नवऱ्याला मी झुलायला लागले की वाटे, आपलं काही चुकलं. तो विचारत राही, मी उत्तर देऊ शकत नसे, तो आणखी घाबरे. आता तो वेगळं करतो. पंखा-टीव्ही बंद करतो आणि एकदाच विचारतो, “पाणी, चादर की एकटी?” यांतला एक शब्द मला उच्चारता येतो. नाही आला तर बोट दाखवते. उत्तर मिळालं की तो तेवढंच करतो.

यातली मोठी गोष्ट म्हणजे तो आता माझ्या हालचाली वाचतो. झुलण्याचा वेग वाढला की यजमानांचा निरोप घ्यायची वेळ झाली, हे माझ्याआधी त्याच्या लक्षात येतं. तो उठतो, चपला शोधायला लागतो आणि आम्ही निघतो. भाच्याच्या मुंजीत त्याने हेच केलं. गुरुजींचा माइक कर्कश झाला तेव्हा त्याने मला मागच्या अंगणात नेलं, तिथे एक झोपाळा होता. आम्ही दोघं त्यावर बसलो. मला झोके हवे होते, तो पायाने झोका देत राहिला.

शरीर बोलत असतं, आणि प्रेमाच्या माणसांनी ती खूण ओळखली की शब्दांची गरज कमी होते.

१०. आनंदाला लपायला लावू नका

सावरण्याबद्दल मी इतकं लिहिलं, पण स्टिमिंगमध्ये निखळ सुखही असतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ ऑटिस्टिक मुलांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड हाती येईल ती वस्तू गरगर फिरवायचा, एकच तीन सुरांची धून गुणगुणायचा. त्याला त्यात अतिशय आनंद होतो, अशी नोंद कॅनर यांनी त्याच ठिकाणी करून ठेवली आहे. हे डोनाल्ड ट्रिप्लेट पुढे मिसिसिपीतल्या आपल्या गावच्या बँकेत नोकरी करत, गोल्फ खेळत, एकट्याने देशोदेशी प्रवास करत जगले आणि २०२३ साली, वयाच्या ८९व्या वर्षी वारले. गावाने त्यांना सांभाळलं आणि त्यांच्या लकबींसह आपलं मानलं. ऑटिझमच्या अभ्यासातल्या या सुरुवातीच्या पानांवर आनंदही नोंदलेला होता. पुढे लक्षणांच्या याद्या वाढत गेल्या आणि तो मागे पडला.

बँकेची जुळवणी पैशापैशाला लागली की माझ्या छातीतून काहीतरी वर येतं आणि हात उडतात. पूर्वी मी त्या क्षणी हातांवर बसत असे. आता बसत नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी पहिल्यांदा दचकली. आता ती माझे हात बघून विचारते, “ताई, लागलं का?” आणि स्वतःही टाळी देते.

तुम्हाला बसस्टॉपवर झुलणारा, लोकलमध्ये पुटपुटणारा, मॉलमध्ये बोटं डोळ्यांसमोर नाचवणारा मोठा माणूस दिसला तर त्याच्याकडे रोखून बघू नका, मोबाइल काढू नका, लेकराला ओढून बाजूला नेऊ नका. लेकराने विचारलंच तर सांगा की त्याला बरं वाटावं म्हणून तो तसं करतोय. एवढं उत्तर मुलांना पुरतं.

आणि तुम्ही स्वतः त्यांपैकी असाल, इतकी वर्षं दार लावून सावरत आला असाल, तर ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला सांगा. कोणती हालचाल कधी लागते ते सांगा, तेव्हा त्याने काय करावं तेही सांगा. लपवण्यात जी ताकद रोज खर्च होते ती आपल्या कामासाठी, माणसांसाठी आणि सुखासाठी आहे. ती परत मागून घेण्याचा हक्क आपल्याला पूर्णपणे आहे.